कुणबी कापड : कौतुक आणि कर्तव्य

पेडण्याच्या दसऱ्याला जो कोणी एकदा तरी गेला असेल, त्याच्या डोळ्यांपुढून तेथील तरंगांचे दर्शन सहजी हलत नाही. उंच काठीवर लुगड्यांचे थर चढविलेले. वाद्यांचा गजर सुरू झाला की ती तरंगे डुलू लागतात, आणि श्रीरवळनाथ व श्रीभूतनाथ यांच्या नावाने हजारो हात जोडले जातात. दसऱ्यापासून कोजागिरीच्या पुनवेपर्यंत त्या वस्त्रांतच देवाचे सान्निध्य आहे अशी पेडणेकरांची श्रद्धा. भक्त नवस बोलतो तो लुगड्याचा, आणि नवस फेडतो तोही लुगड्यानेच.

हा सोहळा पाहताना अलीकडे एक विचार आमच्या मनाला टोचत राहतो. ही लुगडी विणली कोणी? जवळ जाऊन पाहिले तर आमच्या पाहण्यातील बहुतेक वस्त्रे यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची आणि दूरच्या बाजारपेठेतून गठ्ठ्यांनी आलेली असतात. देवीच्या ओटीतील खण तसाच, आणि पावणीत चढत्या बोलीने घेतले जाणारे पातळही तसेच. भक्तीत उणे काही नाही. परंतु जे वस्त्र आपण देवाच्या अंगावर घालतो ते आपल्या भूमीतील कोणाच्याही हातचे नसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. हे अधिक खटकण्याचे कारण असे की, नेमक्या याच काळात गोव्याच्या एका हातमागाच्या वस्त्राचे, म्हणजे कुणबी कापडाचे, देशभर कौतुक होत आहे. कौतुक वाढते आहे आणि वस्त्र मात्र आमच्या घरात, देवळात वा मांडावर दिसत नाही, हा विरोध कसा उत्पन्न झाला याचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्त्राचाच विचार करू. कुणबी कापड म्हणजे जाडसर सुताचे, तांबड्या भूमीवर पांढऱ्या रेघांची लहान चौकडी असलेले आणि ठसठशीत काठाचे आखूड लुगडे. ते गुडघ्यापर्यंत नेसावयाचे आणि पदर छातीवरून नेऊन खांद्यावर गाठ मारावयाची. या गाठीलाच देंठली म्हणतात. या रचनेत शोभेसाठी म्हणून घातलेले फारसे काही नाही. चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या बाईचे लुगडे आखूडच हवे. दोन्ही हात मोकळे राहावयाचे तर पदर खांद्याशी बांधलेलाच हवा. घाम टिपावयाचा आणि रोजची धुलाई सोसावयाची तर सूत जाडच हवे. शेतातल्या कामानेच या वस्त्राला आकार दिला, आणि म्हणूनच त्याचे सौंदर्य टिकाऊ आहे.

चौकडीचेही असेच. ताण्यात तांबडे आणि पांढरे सूत ठराविक अंतराने लावले आणि बाण्यातही धोटा त्याच क्रमाने फेकला, म्हणजे चौकडी आपोआप उमटते. जेथे तांबड्यावर तांबडे पडते तेथे रंग गडद होतो, जेथे पांढऱ्यावर पांढरे तेथे तो उजळतो, आणि जेथे दोहोंची गाठ पडते तेथे एक तिसरीच मिश्र छटा उत्पन्न होते. ही तिसरी छटा कोणी रंगवलेली नसते. ती दोन धाग्यांच्या संगमातून येते. छापील नक्कल ओळखावयाची खूणही येथेच सापडते. छापलेले कापड उलटून पाहावे. मागल्या अंगाला रंग फिका पडलेला असतो, आणि एखादा धागा उसवून पाहिला तर त्याच धाग्यावर तांबडे-पांढरे तुकडे दिसतात. विणलेल्या चौकडीचा धागा टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाचा असतो. मात्र यंत्रमागावर विणलेली नक्कल या परीक्षेत उतरते. तेथे पोताची जाण आणि विकणाऱ्याची सचोटी यांवाचून दुसरा आधार नाही.

असे हे वस्त्र मागे का पडले? त्याची कारणे केवळ बाजाराची नाहीत. गोव्याच्या इतिहासात वस्त्र ही अत्यंत बोचरी गोष्ट आहे. १७३६च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला त्यात बाटलेल्या गोमंतकीयांनी हिंदू रीतीची वस्त्रे वापरू नयेत असे फर्माविले होते. पुरुषांचे पुडवे आणि बायकांची चोळीदेखील त्यातून सुटली नाही. राज्यकर्त्यांना वस्त्राची भीती वाटावी, एवढे त्यात माणसाचे मूळ गुंतलेले असते. परंतु परकीय सत्तेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ म्हटले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुणबी बाईचे लुगडे हे कष्टकऱ्याचे, खालच्या पायरीवरल्याचे लक्षण म्हणून आपल्याच समाजाने पाहिले. शाळेत जाऊ लागलेल्या मुलीला, शहरात कामाला निघालेल्या सुनेला ते नेसण्याची लाज वाटली, ती लाज तिच्या पोटी आपोआप जन्मली नव्हती; आपल्या नजरांनी ती तिच्यात रुजवली. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर चार दशके उलटल्यावर. तोपर्यंत गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या स्वस्त साडीने त्यांच्या पेटाऱ्यांतली जागा घेतलेली होती. नेसणारीने वस्त्र टाकले, मग विणणाऱ्याने माग टाकला. क्रम हा असा आहे.

या वस्त्राला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय वेशकार वेंडेल रॉड्रिक्स यांना दिलेच पाहिजे. शापोरा नदीच्या एका तीरावर बार्देशातील कोलवाळ आणि पलीकडे आमचा पेडणे महाल. त्या कोलवाळ गावी राहून त्यांनी गोव्याच्या वेशभूषेचा अनेक वर्षे अभ्यास केला, २०१०-११च्या सुमारास कुणबी साडी राजधानीच्या रंगमंचावर नेली, आणि २०१२ साली ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वस्त्राकडे आपण पाठ फिरवली ते त्यांनी अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले आणि कारागिराच्या हातून पुन्हा विणवून घेतले. हे काम लहान नव्हे, आणि त्याची बरोबरी करील असे काम आमच्या देवस्थानांपैकी किंवा साहित्यसंस्थांपैकी कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तथापि कृतज्ञता म्हणजे परीक्षणाला सुटी नव्हे. वेशकाराने साडी लांब केली, सूत तलम केले, रंग सौम्य केले. शहरातल्या स्त्रीला ती नेसता यावी म्हणून हे आवश्यकच होते, आणि परंपरा बदलूच नये असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचा आक्षेप त्यापुढचा आहे, आणि तो त्यांच्यावर नसून त्यांच्या मागून आलेल्या कौतुकावर आहे. साडी रंगमंचावर पोहोचली, दुकानाच्या काचेमागे पोहोचली, समारंभांतील भेटवस्तूंत पोहोचली. पण ज्या बाईच्या आजीच्या अंगावर ती होती तिच्यापर्यंत पोहोचली नाही, कारण तिच्या ऐपतीबाहेर गेली. आणि ज्या विणकराच्या हातातून ती निघते त्याच्या घरापर्यंत त्या किमतीचा किती वाटा पोहोचतो, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दीत क्वचितच कोणी विचारतो. नाव कुणब्यांचे, हात विणकराचे आणि नफा तिसऱ्याचाच अशी वाटणी होत राहिली तर पुनरुज्जीवन हा शब्द फार मोठा ठरेल.

येथे दूरदेशीचे एक उदाहरण घेणे उपयोगी पडेल. ब्रह्मदेश आणि थायलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात कारेन नावाचे लोक राहतात. त्यांच्या स्त्रियांचा माग म्हणजे काही काठ्या आणि एक पट्टा: ताण्याचे एक टोक घराच्या खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरेला. अंग मागे रेलले की ताणा ताठ होतो, पुढे झुकले की सैल. अशा मागावर अरुंद पट्टेच निघतात; ते जोडून अंगरखे शिवतात. अविवाहित मुलीने पांढरा लांब झगा घालावयाचा, विवाहितेने आखूड चोळी आणि लुंगीसारखे वस्त्र. चोळीवर रानातल्या शुभ्र बियांची नक्षी. १९४९पासून त्या प्रदेशात लढाई पेटली आणि १९८४पासून हजारो कारेन कुटुंबे सीमेपलीकडील छावण्यांत आली, तेव्हा घरदार मागे राहिले, पण माग गुंडाळून पाठीवर नेता आला. निर्वासितांच्या छावण्यांतही त्या बायका विणत राहिल्या आणि पुढे गटागटांनी आपले विणकाम विकू लागल्या.

या उदाहरणापासून आम्ही कोणता बोध घ्यावा? उत्साही मंडळी म्हणतात, आमच्या कुणबी बायकांनाही माग द्या, त्याही विणतील. पण दोहोंत एक मूलभूत भेद आहे. कारेनांत विणणारी आणि नेसणारी एकच. तिचा धंदा तिच्या घरगुती गरजेवर उभा आहे. बाहेरचे गिऱ्हाईक उद्या आले नाही तरी ती मुलीसाठी विणतेच. आमच्याकडे कुणबी समाज शेती करणारा. कापड विणणारा दुसरा, ते बाजारात आणून विकणारा तिसरा. आमचा हातमाग कमरेला बांधण्याजोगा नाही. त्याला घरात कायमची जागा हवी, खड्डा हवा, ताणा मांडावयास अंगण हवे, खळ लावण्यास, कांड्या भरण्यास घरची आणखी माणसे हवीत. म्हणून येथे केवळ माग वाटून भागणार नाही. नेसणारा, विणणारा आणि विकत घेणारा या तिघांचे तुटलेले नाते पुन्हा जोडावे लागेल. समाजाचा धंदा म्हणतात तो यालाच.

धंद्याचा हिशेब भावनेने सुटत नाही, म्हणून एक साधी आकडेमोड करून पाहू. समजा, ताणा मांडण्याचा वाटा धरून एका लुगड्याला चार दिवस लागले आणि विणकराला दिवसाचे पाचशे रुपये द्यावयाचे ठरविले. मजुरीच दोन हजार रुपये झाली. सूत, रंग, खळ आणि विकणाऱ्याचा खर्च मिळविला की किंमत तीन हजारांच्या आसपास जाते. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पण कोणी ‘हातमागाचे’ म्हणून पाचशे रुपयांत लुगडे देऊ लागला तर त्यात हाताची मजुरी कोठे बसली, हे विचारण्याची बुद्धी त्यांनी आपल्याला यावी. एक तर ते हातमागाचे नाही, किंवा कोणीतरी उपाशी आहे. २०१९-२०च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभर सुमारे ३५ लाख विणकर व संबंधित कामगार नोंदले गेले. त्यांत बायकांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक, आणि विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचे उत्पन्न महिना पाच हजार रुपयांहूनही कमी. जी कला आपल्या कारागिराला एवढेच देते, ती त्याने मुलाला का शिकवावी?

हा प्रश्न नवा नाही. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारतीय चरखा संघाने कातणारीला जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा खादी महागेल आणि खपणार नाही अशी ओरड झालीच होती. गांधीजींचा मुद्दा असा की, कातणारी उपाशी राहून जी खादी स्वस्त होते ती खादीच नव्हे. मराठी मंडळींना जवळचे उदाहरण महेश्वरचे. अहिल्याबाई होळकरांनी देवळे आणि घाट बांधले, तसे विणकरही आणून वसविले. दोन शतकांनी तो धंदा बसत चालला, तेव्हा १९७८-७९च्या सुमारास होळकर घराण्याच्या वंशजांनी तेथे ‘रेहवा’ ही संस्था काढली. तिने स्त्रियांना माग दिले, घाटांच्या आणि किल्ल्याच्या दगडी नक्षीतून काठ घेतले, आणि मिळकत विणकरांच्या घरांकडे, आरोग्याकडे, मुलांच्या शाळेकडे वळविली. आपल्या शेजारी सावंतवाडीत सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच लाखकामाची आणि गंजिफांची कार्यशाळा चालवून ती कला वाचविली. या सर्वांत समान गोष्ट एकच दिसते: कारागिराला वर्षभर काम देणारा कोणीतरी खंबीर आश्रय होता. रंगमंचावरची टाळी एका संध्याकाळची असते; मागाला बारा महिन्यांची मागणी लागते.

कायद्याने हे होईल काय? १९८५चा हातमाग आरक्षण कायदा काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवतो. आरंभी ते बावीस होते, पुढे अकरा उरले. कायदा आहे, पण बाजारात फिरणाऱ्याला त्याची जरब जाणवत नाही. भौगोलिक मानांकनाचाही मोठा गाजावाजा होतो. २००९ साली फेणीला ते मिळाले. २०२१ साली आमच्या पेडण्यातील हरमलच्या मिरचीला आणि देवळांच्या जत्रांत घेतल्यावाचून कोणी घरी परतत नाही त्या खाज्याला मिळाले. आम्हांला त्याचा आनंद आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नव्हे. नक्कल करणाऱ्याला ते अडवील; पण खऱ्या विणकराला पोटभर देण्याची सक्ती ते कोणावरही करीत नाही.

मग आश्रय कोणी द्यावा? आमचे उत्तर सरळ आहे. पेडणे आणि डिचोलीत वर्षभर वस्त्राची मागणी असलेली संस्था आजही एकच आहे, आणि ती म्हणजे देऊळ. मूर्तीचे वस्त्र, पालखीचे आच्छादन, तरंगांची लुगडी, पुरोहितांचे पंचे व उपरणी, ओटीचे खण, मानकऱ्यांना द्यावयाची वस्त्रे अशी यादी कोणत्याही देवस्थानाच्या जमाखर्चात सापडेल. १९३३च्या देवस्थान नियमनाखाली महाजनांच्या सभा भरतात, खर्च मंजूर होतो. त्या सभेत एवढाच ठराव व्हावा की, देवस्थानाच्या पैशाने घेतले जाणारे वस्त्र शक्यतो हातमागाचे आणि त्यातला काही वाटा कुणबी चौकडीचा असावा; त्याची मागणी सणाच्या आदल्या आठवड्यात नव्हे तर सहा महिने आधी नोंदवावी; आणि अर्धी रक्कम सूत घेण्यासाठी आगाऊ द्यावी. विणकर सावकाराच्या हाती सापडतो तो याच आगाऊ रकमेपायी. एका देवळाची मागणी थोडी भासेल. दहा देवळांची एकत्र झाली तर काही माग वर्षभर चालू राहू शकतील. पावणीत हातमागाचे लुगडे ठेवले तर बोली चढेलच, आणि ते वर्षभर कपाटात न पडता सणाला नेसले जाईल.

डिचोलीबद्दल विशेष सांगावयाचे ते असे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एकाच धंद्यावर विसंबलेल्या गावांचे काय होते हे या तालुक्याने भोगले. पुढे काही खाणपट्टे पुन्हा सुरू झाले, तरी जमिनीतले धन संपणारे आहे. हातमाग खाणीची जागा घेईल असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणणे फसवणुकीचे होईल. पण घरातील बाईच्या हाती बाराही महिने येणारी थोडी कमाई अडचणीच्या काळात घर तारून नेते. पेडण्यात मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२मध्ये उभा राहिला आणि जानेवारी २०२३पासून विमाने उतरू लागली. तेथून येणारा पाहुणा गोव्याची आठवण म्हणून काहीतरी घेऊन जाणारच. ते पेडण्यात विणलेले असेल की दूरच्या यंत्रमागावरून आलेली चौकडी असेल, हे ठरविण्याची वेळ हीच आहे.

दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, देवाच्या अंगावर कुणब्यांचे लुगडे कसे शोभावे? या आक्षेपाला उत्तर देताना आम्हांला संकोच वाटत नाही. ज्या भाताचा नैवेद्य देवापुढे ठेवला जातो ते भात हेच लुगडे नेसलेल्या बायकांनी गुडघाभर चिखलात उभे राहून लावलेले आहे. त्यांच्या हातचे धान्य देवाला चालते आणि त्यांचे वस्त्र चालत नाही, हा विवेक कोणत्या शास्त्रातला? दुसरा आक्षेप असा की, देवळाने व्यापारात पडू नये. देऊळ वस्त्र आजही विकतच घेते; व्यापार होतोच आहे. कोणाकडून घ्यावयाचे एवढेच ठरवावयाचे आहे.

आणखी एक पथ्य पाळले पाहिजे. या धंद्याच्या कारभारात कुणबी समाजाची माणसे, विशेषतः बायका, निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीस असाव्यात. चौकडीत काय बदलावे, काय बदलू नये, कोणता रंग कोणत्या प्रसंगाचा, हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. आणि नफ्यातील ठराविक भागातून त्यांच्या धालोच्या आणि सणाच्या प्रसंगी त्यांना ते लुगडे परवडेल अशा किमतीत मिळावे. पौषाच्या रात्री मांडावर धालो खेळणाऱ्या बायकांच्या अंगावर जोपर्यंत ते कापड पुन्हा अभिमानाने दिसत नाही, तोपर्यंत त्याचे पुनरुज्जीवन झाले असे आम्ही मानणार नाही.

येता दसरा फार दूर नाही, आणि एक ताणा मांडून लुगडे उतरावयास लागतो त्याहून अधिक अवधी आपल्या हाती आहे. ज्या वाचकांचे हात देवस्थानाच्या हिशेबवहीपर्यंत पोहोचतात, त्यांनी पुढल्या सभेत हा विषय काढावा. निदान एका तरंगाला तरी या भूमीत विणलेले लुगडे नेसवावे, आणि ते विणणाऱ्याचे व विणणारीचे नाव त्या दिवशी देवळात मोठ्याने घ्यावे. नवस फेडण्याची ही रीत देवाला आवडेल अशी आमची श्रद्धा आहे.